कृपया फक्त अंक लिहा

मंडळी, आजचा विषय ऐकायला अगदी फुटकळ आहे. वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये एक चौकोन असतो, त्यात आकडा टाकायचा असतो, आणि तो आकडा सर्व्हरवर पोचला की प्रोग्रामने ठरवायचं असतं की हा ठेवून घ्यायचा की परत पाठवायचा. बस्स. एवढ्याशा गोष्टीवर कोणी अख्खा शनिवार घालवतं का, असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरीही तसंच म्हणतात. पण इतकी वर्षं वेब प्रोग्रामिंगवर पोट भरल्यावर माझं मत असं झालंय की एखाद्या प्रोग्रामरचा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याने 'वय' आणि 'रक्कम' या दोन चौकोनांची तपासणी कशी केली आहे ते बघावं. पत्रिका बघायची गरज नाही.

टीममध्ये नवीन मुलं आली की हा संवाद ठरलेला असतो.

"सर, व्हॅलिडेशन केलंय."

"काय केलंयस?"

"इज-न्यूमेरिक लावलंय की."

हे 'लावलंय की' फार गोड असतं. म्हणजे दाराला कडी लावली, आता झोपा. मग मी विचारतो, "अरे, पण कडी कोणासाठी लावलीस? चोरासाठी की पाहुण्यासाठी?" इथे मुलगा गप्प होतो आणि मनात म्हणतो की सरांचं आज काहीतरी बिनसलंय.

तर आधी ही कडी कशी आहे ते पाहू. (खालच्या उदाहरणांत आकडे इंग्रजी लिपीतले आहेत असं समजा. देवनागरी आकड्यांचं रामायण वेगळं आहे, ते पुढे येतंच.)

पीएचपीमधलं इज-न्यूमेरिक हे फंक्शन एकच प्रश्न विचारतं: या मजकुराला संख्या म्हणता येईल का? उणे पाच? हो. साडेतीन दशांश चिन्ह देऊन? हो. एक, त्याच्यापुढे इंग्रजी ई, त्याच्यापुढे पाच? तेही हो, कारण शास्त्रज्ञ मंडळी एक लाख असा लिहितात. २०१५ मध्ये पीएचपी ७ येईपर्यंत तर शून्य-एक्स लावून लिहिलेला हेक्साडेसिमल मजकूरही पास व्हायचा. फंक्शनचं काही चुकत नाही, या सगळ्या संख्याच आहेत. फक्त 'वय' या चौकोनात उणे पाच, साडेतीन आणि एक लाख हे तिघंही हात जोडून आत आले.

दुसरी पद्धत म्हणजे तपासायचंच नाही, सरळ संख्येत रूपांतर करून टाकायचं. पीएचपीत इंटव्हॅल, जावास्क्रिप्टमध्ये पार्सइंट. ही दोघं फार मनमिळाऊ. '१२ केळी' लिहून पाठवलं तर १२ घेतात आणि केळी सोडून देतात. पण आपल्याकडे पैसे लिहायची पद्धत काय? १,००,०००. या मनमिळाऊ मंडळींना स्वल्पविराम दिसला की ती तिथेच थांबतात. एक लाखाचा झाला एक रुपया. कुठे एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. ज्याने लाख लिहिले त्याला वाटतं लाख पोचले, आणि डेटाबेसमध्ये एक रुपया शांतपणे बसलेला असतो.

जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला रिकामा मजकूर दिला तर ते शून्य म्हणतं. आता 'मुलं किती?' या प्रश्नाला उत्तर न देणं आणि 'शून्य' असं उत्तर देणं यात किती फरक आहे हे ज्याला त्या प्रश्नाचा त्रास झालाय त्याला विचारा. पीएचपीत तर नोव्हेंबर २०२० मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत शून्य आणि 'गाढव' ही अक्षरं यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर दोन्ही समान आहेत असं उत्तर मिळायचं. कारण 'गाढव'चं संख्येत रूपांतर केलं की शून्य येतं. वर्गातले मास्तर हेच सांगायचे म्हणा.

पण मला सगळ्यांत धोकादायक वाटतो तो 'नॅन'. 'ही संख्या नाही' असं सांगणारी ही एक खास किंमत, आणि गंमत म्हणजे ती दशांश संख्यांच्या जातीतच मोडते. पायथनमध्ये फ्लोटला किंवा जावामध्ये पार्सडबलला 'नॅन' हा शब्द दिला तर ते तक्रार न करता घेतात. तिचा गुणधर्म असा की तिची कशाशीही लहान-मोठं तुलना केली तरी उत्तर 'नाही' येतं. आता कोणी असं लिहिलं असेल: रक्कम शून्यापेक्षा कमी असेल तर नाकार, शिलकेपेक्षा जास्त असेल तर नाकार, नाहीतर पुढे जा. नॅन शून्यापेक्षा कमी? नाही. शिलकेपेक्षा जास्त? नाही. मग या, बसा! नाकारण्याची कारणं मोजत बसण्यापेक्षा स्वीकारण्याची अट लिहावी असं मी सांगतो ते यासाठी. 'एक किंवा जास्त, आणि शिलकेइतकी किंवा कमी असेल तरच घे' असं लिहिलं असतं तर नॅन दारातूनच परत गेला असता.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "पण ब्राउझरमध्येच चेक लावलाय ना, चुकीचा आकडा सर्व्हरपर्यंत येईलच कसा?" अहो, ब्राउझर तुमचा नाही, समोरच्याचा आहे. त्याच्या घरात जाऊन तुम्ही 'इथे चप्पल काढा' अशी पाटी लावलीत, चांगली गोष्ट आहे. सभ्य माणूस चप्पल काढेल. पण ज्याला काढायची नाही तो पाटीच काढून टाकेल, किंवा ब्राउझर न वापरता स्वतःच विनंती लिहून पाठवेल. ब्राउझरमधली तपासणी म्हणजे माणसाची सोय, त्याला फेरी पडू नये म्हणून. खरा निवाडा सर्व्हरवरच. खरेदीच्या साइट नव्या होत्या त्या काळात ही गोष्ट अनेकांना महागात शिकावी लागली. नगांच्या चौकोनात उणे एक टाकला की बिलातून तेवढे पैसे वजा व्हायचे. पुस्तक पाचशेचं, पेन उणे चार, द्या उरलेले पैसे. आकडा अस्सल, तपासणी पास, दुकानदार नापास.

तेव्हा 'ही संख्या आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे. त्याआधी विचारायला हवं की हा आकडा इथे कशाला आलाय.

माझ्या हिशेबाने फॉर्ममधल्या आकड्यांच्या तीन जाती आहेत. काही मोजायचे: प्रवासी, नग, खोल्या. काही मापायचे: वजन, रक्कम, ताप. आणि काही नुसती हाक मारायचे: मोबाइल नंबर, बँकेचा खातेक्रमांक, पिन कोड. तिसरी जात ओळखायची एक सोपी कसोटी आहे. दोन आकड्यांची बेरीज करून काही अर्थ निघतो का ते बघा. तुमचा आणि माझा मोबाइल नंबर यांची बेरीज करून कोणाला फोन लागणार आहे? म्हणजे ती संख्या नाहीच, ते नाव आहे. फक्त अंकांत लिहिलेलं.

नावाला संख्या समजलं की काय होतं? पुढची शून्यं गळतात. आपल्या पिन कोडचा पहिला अंक कधीच शून्य नसतो, त्यामुळे १५ ऑगस्ट १९७२ पासून आजवर आपल्याला त्याचा त्रास झाला नाही. पण बॉस्टनचे कोड शून्याने सुरू होतात, आणि अमेरिकन गिऱ्हाइकाचं काम घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात हे समजतं. काही बँकांचे खातेक्रमांकही शून्याने सुरू होतात. जमिनीचा गट नंबर तर 'नंबर' म्हणवून घेतो आणि सातबाऱ्यावर ४५/२/अ असा लिहिलेला असतो. तिथे 'कृपया फक्त अंक लिहा' म्हणणाऱ्या फॉर्मने शेतकऱ्याने काय करावं? दोनपैकी एक. 'अ' सोडून द्यावा आणि भावाच्या हिश्शावर अर्ज करावा, किंवा घरी जावं.

या तिसऱ्या जातीवरून एक आठवण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मित्राने मला त्याच्या गावच्या मंडळाचं काम बघायला बोलावलं. मंडळाने रक्तदात्यांची यादी वेबसाइटवर केली होती. नाव, रक्तगट, मोबाइल. काम कोणीतरी फुकट करून दिलेलं, तो आता परदेशात. यादी दिसायला छान होती. तालुक्याच्या दवाखान्यात एका बाळंतिणीला रात्री ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं म्हणून पोरांनी यादी उघडली, आणि बघतात तर प्रत्येक रक्तदात्याचा नंबर एकच. २१४७४८३६४७. पहिल्यांदा त्यांना वाटलं कोणीतरी खोडसाळपणा केलाय.

खोडसाळपणा नव्हता. मोबाइल नंबरचा रकाना मायएसक्यूएलमध्ये 'इंट' या प्रकारचा होता. बत्तीस बिटांच्या त्या डब्यात मावणारी सगळ्यांत मोठी संख्या म्हणजे हीच, दोनशे चौदा कोटी आणि वर काही. आपले मोबाइल नंबर दहा अंकी आणि सहाच्या पुढच्या अंकाने सुरू होणारे, म्हणजे सहाशे कोटींच्या वरच. एकही मावणारा नाही. उणे चिन्ह सोडून देऊन डबा दुप्पट केला तरी नाही. आणि त्या काळातलं मायएसक्यूएल न मावणारी संख्या आली की ती नाकारत नसे, डब्याच्या काठापर्यंत कापून ठेवून देत असे आणि एक वॉर्निंग देत असे. वॉर्निंग कोण वाचतो? २०१५ मध्ये ५.७ ही आवृत्ती आली तेव्हापासून कडक शिस्त मुळातच चालू असते. त्याआधीची कितीतरी वर्षं आपल्या देशातल्या कितीतरी डेटाबेसांत हा एकच महापुरुष सगळ्यांच्या नावापुढे बसलेला असायचा.

त्या रात्री रक्त मिळालं. एकाच्या चुलतभावाचा रक्तगट तोच होता, हे त्याच्या आईला माहीत होतं म्हणून. यादीमुळे नाही. कापले गेलेले नंबर डेटाबेसमधून परत मिळत नाहीत, ते गेले ते गेले. सुदैवाने कागदी फॉर्म कपाटात होते. मी रकाना मजकुराचा करून दिला, दहा अंक आणि पहिला अंक यांची तपासणी सर्व्हरवर घातली, आणि पोरांनी दोन रविवार बसून सगळी यादी पुन्हा टाइप केली.

जाता जाता: नावाच्या जातीच्या आकड्यांना 'किती ते किती' असं बंधन घालता येत नाही, पण काहींच्या पोटातच तपासणीस बसवलेला असतो. क्रेडिट कार्डाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असतो. ही युक्ती आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची, १९६० च्या पेटंटमधली. एक अंक चुकला तर ती हमखास पकडते. शेजारचे दोन अंक उलटे झाले तरी बहुधा पकडते, फक्त ०९ चे ९० झाले तर फसते. आधारचा बारावा अंक व्हेरहॉफ यांच्या पद्धतीचा आहे, तो या दोन्ही चुका एकूण एक पकडतो. तेव्हा आधार क्रमांक मागून त्यावर फक्त 'बारा अंक आहेत का' एवढंच बघणं म्हणजे घरात वैद्य असून शेजाऱ्याला औषध विचारणं.

आता मोजायच्या आणि मापायच्या आकड्यांकडे वळू. इथे आकडा खरा असून चालत नाही, तो शक्य असावा लागतो. याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत महागडं उदाहरण टोकियोचं. ८ डिसेंबर २००५. जे-कॉम नावाच्या कंपनीचा शेअर त्याच दिवशी बाजारात आला होता. मिझुहो सिक्युरिटीजच्या एका कर्मचाऱ्याला एक शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. त्याने ६,१०,००० शेअर एका येनला विकायची ऑर्डर टाकली. दोन चौकोन, दोन आकडे, फक्त अदलाबदल. दोन्ही आकडे धन, पूर्ण, निर्दोष. 'संख्या आहे का' या परीक्षेत पैकीच्या पैकी.

पण जे-कॉमचे एकूण शेअरच होते साडेचौदा हजार. जगात जेवढे शेअर अस्तित्वात आहेत त्याच्या चाळीसपट कोणी विकायला काढतो, आणि यंत्रणा म्हणते ठीक आहे. अगदीच ठीक आहे म्हणाली असं नाही, पडद्यावर इशारा आला होता. तो बाजूला सारून ऑर्डर पुढे गेली. चूक लक्षात आल्यावर ऑर्डर रद्द करायचा प्रयत्न झाला तर शेअर बाजाराच्या यंत्रणेतल्या दोषामुळे ती रद्द होईना. नुकसान सुमारे ४० अब्ज येन. भांडण कोर्टात गेलं आणि २००९ मध्ये कोर्टाने शेअर बाजारालाही भरपाई द्यायला लावली.

जपान लांब राहिलं. मुंबईत ५ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रीय शेअर बाजारात एका दलालाकडून चुकीच्या ५९ ऑर्डरी गेल्या, एकूण ६५० कोटी रुपयांहून जास्त किमतीच्या. निफ्टी क्षणात सुमारे ९०० अंकांनी खाली आला आणि व्यवहार थांबवावे लागले.

या दोन्ही गोष्टींतून मी एवढंच घेतो की एकट्या आकड्याची तपासणी पुरत नाही, त्याच्या शेजारच्या आकड्याशी त्याचं नातं तपासावं लागतं. नगांची संख्या गोदामातल्या साठ्याशी, परतीची तारीख जाण्याच्या तारखेशी, काढायची रक्कम शिलकेशी. आणि ही सगळी माहिती सर्व्हरकडे असते, ब्राउझरकडे नसते. आणि इशारा कसला आहे यावर तो बाजूला सारता यावा की नाही हे ठरवावं. अशक्य गोष्टीला 'नक्की का?' असं विचारण्यात अर्थ नाही. माणूस 'हो' दाबतोच. दिवसातून पन्नास वेळा दाबायची सवय आपणच त्याला लावलेली असते.

शून्याचंही तसंच. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या यॉर्कटाउन या युद्धनौकेवर कोणीतरी डेटाबेसच्या एका रकान्यात शून्य टाकलं, पुढे कुठेतरी त्या शून्याने भागाकार झाला, आणि जहाजाची यंत्रणा कोलमडून ते दोन तासांहून जास्त वेळ समुद्रात ठप्प उभं राहिलं. शून्य ही संख्या आहेच, ती तर आपलीच. पण ती कुठे चालते आणि कुठे नाही हे रकान्याने सांगायला हवं होतं.

मापायच्या आकड्यांबद्दल एक छोटी गोष्ट. रुपये दशांश चिन्हाने घेऊन त्याला शंभरने गुणून पैसे करू नका. संगणकाच्या दशांश गणितात १९.९९ गुणिले १०० हे १९९९ होत नाही, त्याच्या केसभर खाली राहतं, आणि अपूर्णांक छाटला की १९९८ उरतात. मजकुरातूनच रुपये आणि पैसे वेगळे करा, पूर्णांकात ठेवा. पैसा कुठे गेला हे शोधायला ऑडिटर येतो तेव्हा केसभर फरक ही सबब चालत नाही.

बरं, इतकं सगळं बघायचं तर आधी मजकुराची संख्या करावी लागेल, असं वाटतं ना? तिथेही एक सापळा आहे. जानेवारी २०११ मध्ये उघड झालं की ३२ बिटांच्या यंत्रांवरच्या पीएचपीला २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले दहाचा उणे ३०८ वा घात ही एक विशिष्ट संख्या मजकूर म्हणून दिली तर तिचं रूपांतर करताना ते अनंत काळ फिरत बसतं. घाईने ५.३.५ आणि ५.२.१७ या दुरुस्त आवृत्त्या काढाव्या लागल्या. महिन्याभरात जावाची पाळी आली, शेवटचा अंक एकाऐवजी दोन. फॉर्ममध्ये एक आकडा टाका आणि सर्व्हर आडवा. तपासण्यासाठी केलेलं रूपांतर हेच भगदाड! २०२२ मध्ये पायथननेही याच काळजीने नियम केला की ४३०० अंकांपेक्षा लांब मजकुराचा पूर्णांक मुळातच करून द्यायचा नाही, कारण लाखो अंकांचा मजकूर पाठवून कोणीही प्रोसेसरला घाम फोडू शकतो. म्हणून क्रम असा: आधी लांबी बघा, मग अक्षरं बघा, आणि मगच संख्या करा. वयाच्या चौकोनात चौथं अक्षर आलं की पुढचं काही वाचायची गरजच नाही.

आता ते रामायण. वरची सगळी वर्षं आपण इंग्रजी आकडे धरून चाललो. पण हा लेख ज्या आकड्यांत लिहिलाय त्यांचं काय? आमची मावशी मोबाइलवर मराठी कीबोर्ड वापरते. तिने एका फॉर्ममध्ये वय '६८' असं आपल्या आकड्यांत लिहिलं आणि लाल अक्षरांत उत्तर आलं: कृपया फक्त अंक लिहा. मावशीने पुन्हा ६८ लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने मला फोन केला. "अरे, हे अंक नाहीत तर काय आहे? शाळेत हेच शिकवले मला." यावर काय बोलणार? एसटीच्या तिकिटापासून सातबाऱ्यापर्यंत हेच आकडे असायचे, बेस्टच्या बसवर वर्षानुवर्षं समोरच्या पाटीवर हेच. आणि फॉर्म, तोही मराठीत लिहिलेला, मराठी बाईला मराठीत सांगतो की हे अंक नव्हेत.

यंत्रांमध्येही यावर एकमत नाही. युनिकोडमध्ये आपल्या ० ते ९ ला स्वतःचे दहा क्रमांक आहेत आणि 'हे दशमान अंक आहेत' अशी नोंदही आहे. जावाचं पार्सइंट आणि पायथनचं इंट ही नोंद मानतात, ६८ दिलं की अडुसष्ट घेतात. पीएचपी आणि जावास्क्रिप्ट मानत नाहीत. पायथनच्या रेगेक्समधला 'कोणताही अंक' हा संकेत आपल्या अंकांनाही अंक समजतो, म्हणून तिथे तपासणी पास होते, मजकूर आहे तसा पुढे जातो, आणि एसएमएस पाठवणारी पलीकडची यंत्रणा म्हणते हा कसला नंबर.

मग सगळ्या जगाचे अंक घ्यायचे का? तसंही नाही. बंगाली चार हा अगदी इंग्रजी आठसारखा दिसतो. आपला १ घाईत लिहिला की परप्रांतीयाला इंग्रजी नऊ वाटतो. कोणी दोन लिपींचे अंक एकाच रकमेत मिसळून पाठवले तर डोळ्यांना एक रक्कम दिसेल आणि यंत्राला दुसरी. म्हणून मी करतो ते असं: सगळे अंक एकाच लिपीतले असले पाहिजेत, ती लिपी माझ्या वाचकाची असली पाहिजे, आणि आत घेतानाच ते इंग्रजी रूपात बदलून ठेवायचे. दहा अंकांचा तक्ता, दहा ओळींचं काम. (राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात इंग्रजी आकड्यांना 'भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप' म्हटलंय, तेव्हा बदललं तरी माहेरचं नातं कायम.)

आता तुम्ही म्हणाल, एकीकडे इतका कडकपणा आणि दुसरीकडे मावशीसाठी सवलत, हे कसं? जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये टीसीपीच्या आराखड्यात एक तत्त्व मांडलं होतं, की स्वतः पाठवताना काटेकोर राहा आणि दुसऱ्याचं स्वीकारताना उदार राहा. इंटरनेट मोठं झालं त्यात या तत्त्वाचा वाटा आहे. पण उदार म्हणजे काय, यावरच तर सगळं अडतं. '१२ केळी'चे १२ करणं हे औदार्य नाही, तो अंदाज आहे. ६८ ला अडुसष्ट म्हणणं हा अंदाज नाही, कारण त्याचा दुसरा अर्थच होत नाही. जिथे एकच अर्थ निघतो तिथे उदार व्हावं. जिथे दोन निघतात तिथे परत विचारावं.

हे मी कुठल्या पुस्तकात शिकलो नाही. माझे वडील एका पतसंस्थेत काउंटरवर होते. पैसे भरायच्या स्लिपवर रक्कम तीन वेळा असायची: आकड्यांत, 'अक्षरी रुपये अमुक फक्त' अशी शब्दांत, आणि मागच्या बाजूला नोटांचा तपशील, शंभराच्या किती, पन्नासाच्या किती. शेवटचा 'फक्त' हा कोणी पुढे काही जोडू नये म्हणून. चेकवर आकडा आणि अक्षर यांचं जुळलं नाही तर अक्षर खरं मानायचं, असा १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातच नियम आहे. पण बाबा स्लिपवर तो नियम कधी लावत नसत. जुळलं नाही की स्लिप फिरवून समोरच्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "काका, इथे पाचशे आहे, इथे पन्नास. कुठलं खरं?" स्वतः कधी खोडून दुरुस्त केलं नाही, रांग कितीही मोठी असो. मी एकदा विचारलं, नोटा हातात आहेत तर तुम्हीच का नाही लिहीत? ते म्हणाले, "पैसे त्याचे आहेत. आकडाही त्यानेच सांगायचा."

माझ्या मते सर्व्हरवरची तपासणी एवढीच करायची असते. चुकीचा आकडा बदलायचा नाही, गिळायचा नाही, काठाने कापायचा नाही. फिरवून समोर सरकवायचा. आणि सरकवताना भाषा काउंटरवरच्या माणसाची हवी. 'अवैध इनपुट' असं कुठल्या काउंटरवर कोणी म्हणतं का? 'प्रवासी १ ते ६ असावेत, तुम्ही ० लिहिलंय' असं म्हणावं. त्याने लिहिलेलं चौकोनात तसंच ठेवावं, बाकीचा फॉर्म पुसू नये. मोठी रक्कम असेल तर ती अक्षरी करून दाखवावी: 'एक लाख रुपये फक्त, बरोबर?' लाखाचा रुपया होण्याची गोष्ट तिथेच थांबते, आणि अक्षरी करायचं कोड लिहायला एक दुपार पुरते.

असो. बरंच लांबलं. सोमवारी ऑफिसात गेलात की एक करून बघा. आपल्याच साइटवरच्या एखाद्या चौकोनात आधी '१,००,०००' टाका, मग रिकामं पाठवा, मग उणे एक, मग मराठी कीबोर्डवरून ६८. ब्राउझरमधली पाटी काढून टाका आणि पुन्हा पाठवा. प्रत्येक वेळी काय उत्तर येतं ते वाचा, आणि डेटाबेसमध्ये काय जाऊन बसलं तेही उघडून बघा. चहा मात्र आधी घ्या.